गर्व, लीनता आणि देवावरचा भरवसा : वसईच्या संत गोन्सालो यांच्याकडून शिकताना



सात प्रमुख पापांची यादी आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे. त्या यादीत पहिले नाव गर्वाचे. पाठ करताना आपल्यापैकी बहुतेकांना असे वाटले असेल, की इतर सहा पापे आपल्या दारापर्यंत येऊ शकतात, पण हे पहिले मात्र आपले नाही. गर्व करायला माडी लागते, गाडी लागते, कॅनॉलच्या कडेची बागायत लागते. बिलोली तालुक्यातल्या कोरडवाहू दोन एकरवाल्याने, रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने किंवा दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने गर्व करावा तरी कशाचा?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला वाटते तितके सोपे नाही. पोप संत ग्रेगरी ह्यांनी गर्वाला सर्व पापांचे मूळ मानले, ते केवळ श्रीमंतांकडे पाहून नव्हे. गर्वाला ठिगळाच्या सदऱ्याखालीही राहता येते. आपल्याच धर्मग्रामातला अनुभव पाहा. एखाद्या घरी दोन दिवस धड चूल पेटलेली नसते. शेजारीण विचारते, "काय वहिनी, बरं आहे ना?" आणि उत्तर येते, "सगळं बरं आहे, काही कमी नाही." ह्याला स्वाभिमान म्हणावे की गर्व? आम्हांला वाटते, त्यात दोन्ही असते. आणि कोणते किती, हे त्या माणसाला आणि देवालाच ठाऊक असते. म्हणूनच आजचा पाठ दुसऱ्याकडे बोट दाखवून शिकता येणार नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू येशूने परुशी आणि जकातदार ह्यांचा दाखला सांगितला आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. आपण हा दाखला इतक्या वेळा ऐकला आहे, की परुशाचे नाव येताच आपण त्याला ढोंगी ठरवून मोकळे होतो. पण नीट वाचले तर परुशी खोटे बोलत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपवास करतो, मिळकतीचा दहावा भाग देतो. आपल्या धर्मग्रामात असा माणूस असता तर फादरांनी त्याला नक्कीच समितीवर घेतले असते! त्याचा हिशेब बरोबर आहे. चूक आहे ती हिशेब कोणापुढे आणि कोणाच्या तुलनेत मांडला ह्यात. त्याला उभे राहायला शेजारी एक जकातदार लागतो. गर्वाला नेहमीच एक शेजारी लागतो, ज्याच्यापेक्षा आपण उंच आहोत. एकट्या माणसाला गर्व करणे कठीणच.

आणि दाखला ऐकून "देवा, मी त्या परुशासारखा नाही, म्हणून तुझे आभार" असे आपल्या मनात येते, त्या क्षणी आपणच तो परुशी होतो.

पहिले वाचन कोणी वाचायचे, सणाच्या मिरवणुकीत पुढे कोण, नाताळच्या बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, ह्यावरून झालेली कुरबुर आपल्याला आठवत असेल. आम्हीही ह्यातून सुटलेलो नाही. हा लेख कोणाच्या नावाने छापावा, ह्यावर आमच्यात चांगली पाच-दहा मिनिटे चर्चा झाली. शेवटी नाव घालायचे नाही असे ठरले. आणि नाव न घातल्याचाही आम्हांला थोडासा अभिमान वाटला. गर्व असा आहे, लीनतेच्या पाठीवर बसूनही तो चर्चमध्ये येतो.

नाकारलेला धर्मशिक्षक

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका संताकडे वळू. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव आपण ऐकलेले असते. पण त्यांच्या आयुष्यातला अवघड भाग सहसा सांगितला जात नाही. ते शहीद झाले, एवढेच आपण सांगतो. शहीद होण्याआधी त्यांना जे सोसावे लागले ते आपल्या जगण्याच्या फार जवळचे आहे.

गोन्सालो ह्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. म्हणजे किल्ल्यातल्या गोऱ्या लोकांत तो पूर्ण पोर्तुगीज नव्हता आणि बाहेरच्या गावकऱ्यांत पूर्ण गावकरीही नव्हता. अशा मुलांना दोन्हीकडून काय ऐकावे लागते, हे वेगळे सांगायला नको. येशूसंघीय धर्मगुरूंनी त्याला वाढवले, शिकवले. पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर तो जपानला गेला. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते. त्यांनी लावलेले रोप तेव्हा वाढत होते.

तिथे हा वसईचा मुलगा जपानी भाषा अशी शिकला, की लोकांना नवल वाटे. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. गावोगाव फिरला, मुलांना शिकवले, धर्मगुरूंचे शब्द लोकांच्या भाषेत नेले. त्याची एकच इच्छा होती, आपल्यालाही येशूसंघात घ्यावे. ती मान्य झाली नाही.

इथे आपण जरा थांबू या. आठ वर्षे! परक्या देशात, स्वतःचे तारुण्य देऊन केलेले काम, आणि ज्यांच्यासाठी केले त्यांच्याकडूनच नकार. आपल्यापैकी कोणी चर्चच्या कामात असा नकार अनुभवला असेल. कोणी नोकरीत, कोणी भावकीत, कोणी लग्नाच्या बोलणीत. असा नकार मिळाला की माणसाच्या मनात दोन आवाज येतात. एक म्हणतो, "मी नालायक आहे." दुसरा म्हणतो, "ह्यांना माझी किंमत नाही, पाहून घेईन." वरवर पाहता पहिला आवाज लीनतेचा आणि दुसरा गर्वाचा वाटतो. पण दोघांचेही लक्ष एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे "मी". दोघेही देवाला काही विचारीत नाहीत.

गोन्सालो निराश झाले. त्यांनी ते काम सोडले, मकावला गेले आणि व्यापारी झाले. व्यापारही असा जमला, की ठिकठिकाणी त्यांची पेढी झाली, हातात पैसा आला. एखाद्या सिनेमात गोष्ट इथेच संपली असती. ज्यांनी नाकारले त्यांच्यापेक्षा मोठा होऊन दाखवले! संत याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात अशाच व्यापाऱ्यांविषयी लिहितो, जे उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू आणि नफा मिळवू असे बेत आखतात, आणि आपले आयुष्य थोडा वेळ दिसणाऱ्या धुक्यासारखे आहे हे विसरतात. गोन्सालो विसरले नाहीत. पैसा मिळूनही आतली ओढ गेली नव्हती.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समधील मनिला येथे जात. तिथे संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या संघातील मठवासी त्यांना भेटले. एकदा नकार पचवलेल्या माणसाला पुन्हा दार ठोठावायला किती बळ लागते! त्यांनी ते ठोठावले. फ्रान्सिस्कनांनी त्यांना घेतले, पण धर्मगुरू म्हणून नव्हे. साधा ब्रदर म्हणून. ज्याच्या हाताखाली नोकर होते तो माणूस आता मठात सांगितलेले काम करू लागला. पुढे शेवटपर्यंत ते ब्रदरच राहिले.

आणि मग काय झाले पाहा. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे वकील पाठवायचे होते. फादर पेत्र बॉप्टिस्ट ह्यांना निवडले. त्यांना जपानी भाषा येत नव्हती. भाषा कोणाला येत होती? त्या नाकारलेल्या धर्मशिक्षकाला. १५९३ साली गोन्सालो पुन्हा जपानच्या किनाऱ्यावर उतरले, आणि ज्या देशातून खाली मान घालून निघाले होते त्याच देशाच्या दरबारात दुभाषी म्हणून उभे राहिले. फ्रान्सिस्कनांनी क्योतो शहरात चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. तिथल्या रोग्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस वसईचा होता.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. तेव्हा जहाजावरच्या एकाने स्पेनच्या राजाच्या ताकदीची फुशारकी मारली आणि आधी धर्मप्रसारक येतात, मागून फौज येते, असे काहीतरी तो बोलला, असे सांगितले जाते. हिदेयोशीचा संशय भडकला. एकाच्या गर्वाच्या दोन वाक्यांची किंमत पुढे दुसऱ्यांनी मोजली. गावच्या पारावर एकाने तोंड सोडायचे आणि मार दुसऱ्याच्या पोरांनी खायचा, हे आपणही पाहिले आहे.

त्या डिसेंबरात क्योतोमध्ये धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, आणि मग ऐन थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेले. वाटेत आणखी दोघे त्यांत सामील झाले; एकूण सव्वीस. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक भाविक, त्यांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. क्रुसावर पहिले ताणले गेले ते गोन्सालो, अशी परंपरा आहे. वय सुमारे चाळीस.

त्या टेकडीवर तीन येशूसंघीयही होते, हे ध्यानात घ्या. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते, त्याच संघाचे संत पॉल मिकी त्याच रांगेत, तशाच क्रुसावर होते. कोण आत घेतला गेला आणि कोण बाहेर राहिला, हा प्रश्न तिथे उरला नाही. पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी संत म्हणून. आज वसई परिसरातील गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे. आपल्यातील जी मुले कामासाठी वसई-नालासोपाऱ्याकडे गेली आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी तिथे जरूर जावे.

मांजरेचे वळण

देवाची योजना हा शब्द आपण सहज वापरतो. तो समजून घ्यायला आपल्याला दूर जायला नको. आपली मांजरा नदी पाहा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. तिथून लातूरकडे, मग बीदरकडे, तेलंगणात मेदककडे अशी ती पूर्व-दक्षिणेला जात राहते. लातूरच्या माणसाने तिला पाहिले तर त्याला वाटावे, ही मराठवाडा सोडून चालली. पण पुढे ती वळण घेते, चक्क उत्तरेकडे वळते, आपल्या बिलोलीच्या कडेने वाहते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. जिथून निघाली त्याच गोदावरीच्या खोऱ्यात, पण केवढा वळसा घालून! काठावर उभ्या असलेल्या माणसाला नदीचे फक्त समोरचे पाणी दिसते, वळण दिसत नाही.

तरीही इथे एक सावधगिरी हवी. गोन्सालोंना नकार मिळाला तो देवानेच दिला, असे आम्ही म्हणत नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, जो १९९२ साली प्रसिद्ध झाला, ईश्वरी तरतुदीविषयी शिकवण आहे. तिचा मथितार्थ असा, की देव वाईट घडवीत नाही. तो माणसाला मोकळीक देतो, आणि घडलेल्या वाइटातूनही चांगले काढू शकतो. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या आईचे लेकरू गेले तिच्या दारात उभे राहून "देवाचीच इच्छा" असे म्हणणारे आपण, किती वेळा तिच्या जखमेवर मीठ चोळतो! तिच्याजवळ बसावे, भांडी घासून द्यावीत. देवाची योजना तिला कधी दिसायची ती दिसेल. ती समजावून सांगणे आपले काम नाही. खरे तर ती आपल्याला समजली आहे असे वाटणे, हाही गर्वच.

गोन्सालोंकडून आपल्याला एक साधी गोष्ट मात्र घेता येते. नकारानंतर त्यांच्याजवळ दोन गोष्टी उरल्या होत्या, मनातली कटुता आणि शिकलेली भाषा. कटुता त्यांनी जपली असती तर भाषा वाया गेली असती. त्यांनी भाषा जपली.

लीनता म्हणजे लाचारी नव्हे

हा भाग लिहायचा की नाही, ह्याचा आम्ही विचार केला. लिहिलाच पाहिजे असे ठरले, कारण लीनतेवरचे प्रवचन ऐकताना आपल्यातील अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो कोणी उघड विचारीत नाही. "फादर, आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या मान खालीच घातली. वाड्यापुढून चप्पल हातात घेऊन गेले, जोहार मायबाप म्हणाले. आता कुठे मान वर केली, तर तुम्ही पुन्हा वाका म्हणता?"

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असे, की ज्याला जबरदस्तीने वाकवले त्याची ती लीनता नव्हे, तो त्याच्यावर झालेला अन्याय होता. लीनता मोकळ्या माणसालाच शक्य आहे. प्रभू येशूकडे पाहा. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली. येशूने उलट हात उगारला नाही, पण मान खाली घालून गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असा त्याने सरळ प्रश्न केला. संत योहानच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात हे आहे. हाच येशू आदल्या संध्याकाळी कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धूत होता. पाय धुताना तो कोणाला भीत नव्हता, आणि थोबाडीत खातानाही भीत नव्हता. पवित्र मरियेचे स्तोत्र आठवा. ती स्वतःला प्रभूची दासी म्हणते आणि त्याच दमात देव बलाढ्यांना आसनावरून खाली ओढतो आणि दीनांना वर उचलतो असे गाते. वाकणे आणि उभे राहणे तिच्या ठायी एकत्र आहे.

ह्या संदर्भात गोव्याचे संत जोसेफ वाझ आठवतात. १६५१ साली बाणावली येथे एका ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात ते जन्मले. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डच राज्यकर्त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तिथले भाविक वर्षानुवर्षे मिस्सेविना होते. १६८७ साली फादर वाझ भिकाऱ्याच्या वेषात तिथे शिरले आणि दारोदार हिंडत लोकांना शोधू लागले. प्रतिष्ठित घरातला माणूस आपणहून भिक्षेकरी झाला. त्याला कोणी वाकवले नव्हते, तो प्रेमापोटी वाकला. ह्या वाकण्याला लीनता म्हणायचे. ज्याला कधी मान वर करू दिली नाही त्याला आधी उभे करणे, हे त्या लीन माणसाचे काम.

पाय धुण्याच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. पेत्राने पाय पुढे करायला नकार दिला. प्रभूने माझे पाय धुवायचे? कदापि नाही! ऐकायला किती नम्र वाटते. पण येशूने त्याला खडसावले. घेता न येणे, हाही गर्वाचाच एक प्रकार आहे, आणि चांगल्या माणसांत तो जास्त आढळतो. देताना आपण उंच असतो, घेताना खाली. म्हणून अनेकांना देणे सोपे जाते, घेणे जमत नाही.

पाऊस, कर्ज आणि भरवसा

आपल्या भागात भरवशाची परीक्षा पावसात होते. मृग निघतो, ढग येतात, उधारीने सोयाबीनचे बियाणे आणून पेरतो, आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे. दुबार पेरणीचा खर्च कुठून आणायचा? पीक हाताशी आले की परतीचा पाऊस ते झोपवतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत पाणी शिरले, माणसे आणि जनावरे दगावली. अशा ठिकाणी आकाशातील पाखरांचे उदाहरण वाचून दाखवायला आम्हांला संकोच वाटतो, हे कबूल करतो.

पण प्रभू येशूनेही ते सुखवस्तू लोकांना सांगितले नव्हते. ऐकणारे कोळी होते, मजूर होते, रोमन करांनी पिचलेले शेतकरी होते. पाखरे पेरत नाहीत असे तो म्हणाला. ती घरट्यात बसून राहतात असे म्हणाला नाही. सकाळी उजाडण्याआधी सगळ्यांत आधी उठतात ती पाखरेच. प्रभूने काम सोडायला सांगितले नाही, काळजीला देव करू नका असे सांगितले. संत लूकच्या बाराव्या अध्यायातला तो धनवान शेतकरी आठवा, ज्याच्या शेताला अमाप पीक आले आणि तो मोठी कोठारे बांधायचे ठरवतो. त्याने कोठार बांधले म्हणून प्रभू त्याला मूर्ख म्हणत नाही. त्याचे सगळे बोलणे स्वतःशीच आहे. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्या घरात दुसरे माणूसच दिसत नाही.

संत जोसेफ वाझ ह्यांच्या चरित्रात पावसाचीही गोष्ट आहे. १६९२ साली कँडीला पोहोचताच पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले होते. पुढे १६९६ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. राजाने त्यांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. त्यांनी उघड्यावर वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, असे चरित्रकार सांगतात. आपण ही गोष्ट ऐकून थांबतो, कारण आपल्यालाही तसाच पाऊस हवा असतो. पण पुढच्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजा आणि बरेच लोक शहर सोडून गेले. रस्त्यात टाकून दिलेल्या रोग्यांना फादर वाझ ह्यांनी गोळा केले, झोपड्या बांधून त्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरले. ज्याच्या प्रार्थनेने पाऊस आला त्याच्या प्रार्थनेने साथ का थांबली नाही, असे त्यांनी देवाला विचारले असेलही. तोवर हात मात्र रिकामे ठेवले नाहीत. पोप फ्रान्सिस ह्यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपल्या मराठवाड्यात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला, हे आपल्याला वर्तमानपत्र वाचून कळत नाही; आपण त्या घरांना नावानिशी ओळखतो. त्या माणसांचा न्याय करणे आपले काम नाही. भयंकर भीती आणि मनाचा आजार माणसाची जबाबदारी कमी करतो, असे ख्रिस्तसभा स्पष्ट शिकवते, आणि त्यांच्यासाठी ती प्रार्थना करते. त्यांच्या मुलांना शाळेत किंवा चर्चमध्ये कोणी टोचून बोलत असेल तर त्याने ते आजच थांबवावे.

पण जे आज जिवंत आहेत आणि रात्री झोपत नाहीत, त्यांच्याशी बोलायला हवे. भाऊ, कर्ज हे पाप नाही. पाऊस पडला नाही ह्यात तुझा कमीपणा नाही. सावकाराने किंवा बँकेच्या माणसाने चारचौघांत बोलले, तर लाज बोलणाऱ्याला वाटली पाहिजे. "लोक काय म्हणतील" हा आवाज गावातल्या सगळ्यांच्या तोंडून आल्यासारखा वाटतो, पण बहुतेक वेळा तो आपल्याच मनात असतो. तो तुला सांगतो, की एकट्यानेच निभाव, कोणाला कळू देऊ नकोस. हे त्याचे म्हणणे मानू नकोस. पेत्रासारखे पाय मागे घेऊ नकोस. घरात कारभारणीला खरा आकडा सांग. तिला बहुधा अर्धा आधीच ठाऊक असतो. फादरांकडे ये, सिस्टरांकडे ये, मिस्सेनंतर मागच्या बाकावर बसून राहिलास तरी आम्ही समजू. ज्याला ओळखीच्या माणसाशी बोलवत नाही त्याच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

आणि ज्यांचे बरे चालले आहे त्यांनाही एक विनंती. मदत द्यायला जाताना फोटो काढणारा बरोबर नेऊ नका. धान्य द्यायचे तर अंधार पडल्यावर द्या. आणि ज्याला दिले त्याच्याकडून कधीतरी काहीतरी घ्याही. त्याच्या शेतातली मूठभर हिरवी तूर, त्याच्या बायकोच्या हातचा चहा. त्याला देऊ द्या.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास थांबून आपण संत लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय एकत्र वाचणार आहोत. ज्यांच्याजवळ बायबल आहे त्यांनी घेऊन यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही यावे. शेजारी बसणारा वाचून दाखवील. चहाची सोय केली आहे, आणि कप धुवायला दोन माणसे हवी आहेत. नावे आधी सांगण्याची गरज नाही.